तानूबाईंचा दुमडलेला पाय

नदीला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. तानूबाई पाणमांजर खडकावर बसून पिल्लांना पोहायला शिकवायच्या. "पाय मारा, शेपटीनं वळा, श्वास धरा." पिल्लं हे घडाघडा म्हणून दाखवायची, पण पाण्यात एकही उतरायचं नाही.

तानूबाई स्वतःही पिल्लांसमोर कधी उतरत नसत. त्यांचा मागचा उजवा पाय लहानपणापासून अधू होता, त्यामुळे पोहताना त्या तिरप्या जायच्या. शिकवणाऱ्यानंच तिरपं पोहून कसं चालेल, असं त्यांना वाटायचं.

उन्हाळा वाढला. काठचं उथळ पाणी आटलं आणि मासे उरले ते फक्त समोरच्या खोल डोहात. पिल्लं दोन दिवस उपाशी होती. सगळ्यात धाकटी चिंगळी म्हणाली, "बाई, आम्हाला सगळं पाठ आहे. पण पोहणं दिसतं कसं?"

तानूबाई खडकावरून खाली आल्या. मग पाय दुमडून, तिरप्या, डोहात शिरल्या. मागून धप धप आवाज आले. त्यांनी वळून पाहिलं, तर सगळी पिल्लं पोहत होती. उजवा पाय दुमडून, तिरपी.

"अरे, तो पाय दुमडायचा नसतो," तानूबाई ओशाळून म्हणाल्या. "माझा अधू आहे म्हणून."

"असू दे बाई," चिंगळी म्हणाली. "आम्हाला असंच जमतंय."

पुढे ती सगळी सरळ पोहायलाही शिकली. पण खोल पाण्यात भीती वाटली, की त्या डोहातली पाणमांजरं अजूनही उजवा पाय दुमडून घेतात.