कुमुदच्या साडीचा रंग

“हा तरी आहे का, बाबा?”

“मला काय विचारता? साडी तुमच्या बायकोची.”

चासकर सरांनी कागद उजेडाकडे फिरवला, लांब धरला, जवळ धरला आणि मान हलवली.

“हा नव्हे.”

“मग ठेवा बाजूला. दुसरा कालवा.”

हे असं अकरा महिने चाललं होतं.

नथूबाबा म्हणजे जुना पडदेवाला. नाटक कंपन्यांचे राजवाडे, जंगलं, नदीचे घाट रंगवण्यात त्याची सगळी हयात गेली. कंपन्या बसल्या तसा हा माणूस प्रवरेकाठच्या महादेवाच्या धर्मशाळेत येऊन राहिला. भुकटीचे रंग, रंग चिकटवायच्या सरसाचं भांडं आणि चार ब्रश, एवढाच संसार. लोक त्याला साधू समजून नारळ आणून ठेवत. हा खोबरं खाई आणि करवंटीत रंग कालवी.

चासकर सर चौसष्ट वर्षांचे. तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेलं. पहिल्या दिवशी आले तेव्हा त्यांचा तोरा काय विचारता! बगलेत वही, खिशात दोन पेनं.

“रंग म्हणजे शेवटी प्रकाशच, बाबा. तुम्ही फक्त प्रमाण सांगा. बाकीचं मी बघतो.”

बाबानं त्यांच्या हातावर पिवळ्याची पुडी ठेवली.

“महिनाभर हाच.”

“एकच रंग?”

“एक आहे का, ते महिन्यानं सांगा.”

सर फणफणत घरी गेले. पण दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले. हळदीचा पिवळा, लिंबाचा पिवळा, पिकल्या पानाचा पिवळा… जन्मभर फळ्यावर सात रंग लिहिले, आणि एकही धड बघितला नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. गंमतही वाटायला लागली. या वयात रंगानं बरबटलेली बोटं बघून सून हसायची, तेसुद्धा त्यांना आवडायला लागलं.

पण गमतीसाठी ते आलेच नव्हते. कशासाठी आले, ते त्यांनी पावसाळ्यातल्या एका दुपारी सांगून टाकलं.

“कुमुद भाचीच्या लग्नाला निघाली होती. नवी साडी नेसली होती. दारात उभी राहून म्हणाली, ‘अहो, खुलतो का हा रंग मला?’ मी दहावीचे पेपर तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, ‘छान.’”

बाबानं हातातला ब्रश खाली ठेवला.

“संध्याकाळी फोन आला. तिकडं पोचल्या पोचल्या छातीत दुखायला लागलं, आणि… संपलंच सगळं. दवाखान्यात साडी कुणी उतरवली, पुढं कुठं गेली, कुणाला ठाऊक नाही. मेव्हणा म्हणतो मोरपंखी होती. भाची म्हणते वांगी. बारा वर्षं झाली, बाबा. ती मला रोज दिसते, दारात उभी. चेहरा दिसतो. हातातली पिशवी दिसते. साडीला रंगच नसतो.”

“म्हणून शिकायला आलात.”

“एकदा बघायचाय तो रंग. बस्स, एकदाच. मग माझं काही मागणं नाही.”

तेव्हापासून सर कालवत होते. मोरपंखी झाले, वांगी झाले, दोघांच्या मधले झाले. वहीत एकेका छटेचं प्रमाण लिहिलं जाई आणि खाली एकच शेरा. नव्हे.

आजही तोच शेरा लिहायला त्यांनी पेन काढलं, तेव्हा बाबा म्हणाला, “सर, तुम्ही साडी बघितली नव्हती ना?”

“नव्हती.”

“मग हा नव्हे, हे कोण सांगतं?”

पेन हातातच राहिलं. सर बाहेरच्या उन्हाकडं बघू लागले.

…

“कुमुद वळली तेव्हा,” ते म्हणाले. “बाहेर ऊन होतं. डोळ्याच्या कडेला काहीतरी हललं होतं. मी… मी बघितली होती, बाबा. मान तेवढी उचलली नाही.”

“कालवा,” बाबा म्हणाला.

सरांनी वही मिटली. मापाचा चमचा बाजूला सारला. करवंटीत निळा टाकला, वर राणी रंगाची चिमूट टाकली. मग पिवळ्याचे चार कण टाकले. का टाकले, ते विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. सरस ओतून ढवळलं आणि कागदावर रुंद फटकारा मारला.

मोरपंखी नव्हे, वांगीही नव्हे. निळाच, पण उन्हात जांभळ्याकडं झुकणारा.

सरांनी कागद उजेडात धरला.

“हाच,” ते म्हणाले. “हाच, बाबा.”

बाबानं नुसती मान डोलावली.

दोघं बघत बसले. नदीवरून वारा येत होता. आधी कडा फिक्या पडल्या, मग मधलाही रंग उतरत गेला. थोड्या वेळानं कागदावर नुसता धुरकट निळा पट्टा उरला. तो कुणाच्याही साडीचा असू शकला असता.

“गेला,” सर म्हणाले.

“सरसाचा रंग. वाळला की उतरतोच.”

“तुम्हीच शिकवलंत, ओल्या रंगावर भरवसा ठेवायचा नाही. वाळेल तो खरा. मग आता जास्त गडद कालवतो. वाळल्यावर बरोब्बर तोच राहील असा. सहा महिने लागोत, वर्ष लागो, मी करणार.”

“करून काय कराल?”

“चौकट करून भिंतीवर लावीन. कायमचा.”

“भिंतीवर आणखी काय काय आहे?”

सर सांगायला गेले. घड्याळ आहे. शाळेचं मानपत्र आहे. कुमुदनं विणलेलं मोरांचं तोरण आहे… त्यात मोर किती, ते काही त्यांना आठवेना. तोरण शेवटचं कधी बघितलं होतं, तेही आठवेना. ते बोलता बोलता थांबले.

बाबा उठला. लोट्यात फडका बुचकळून हलकेच पिळला आणि वाळलेल्या पट्ट्यावरून एकदाच फिरवला.

रंग वर आला. तोच.

बारा वर्षांचं सगळं एकदम दाटून आलं आणि सरांनी दोन्ही हातांत तोंड लपवलं.

बाबानं त्यांची मनगटं धरली आणि हात खाली ओढले.

“रडायला पुढं सगळा जन्म पडलाय, सर. तो वाळतोय. आधी बघा.”