पाय दे, ठकूबाई

कड्याला अजून रस्ता फुटला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. फार फार वर्षांपूर्वीची. आमची उंबरमाथ्याची वाडी कड्याच्या टोकावर, आणि बाजार, वैद्य, भातखाचरं सगळं कड्याखाली. उतरायला एकच वाट होती, बांबूची शिडी. दरवर्षी पावसाच्या आधी ती वेलींनी नवी बांधत.

शिडीजवळ भीतीचं नाव काढायचं नाही, असा वाडीचा नियम होता. नाव काढलं की गाठी सुटतात, असं म्हणत. काय तो शहाणपणा! भीती सगळ्यांच्याच पोटात होती, पण ती बोलून दाखवायची छाती कुणाची नव्हती.

ठकूबाई ही शिडी बांधणाऱ्या लहानूची लेक. ती परकरात असताना तिच्या डोळ्यांदेखत लहानू शिडीवरून पडला आणि गेला. तेव्हापासून तिने शिडीवर पाय ठेवला नाही. तिचं लग्न वाडीतच झालं, पुढे नवराही वारला, तरी ती कधी खाली उतरली नाही. बाजाराला का येत नाहीस म्हटलं, की म्हणायची, "घरात काम पडलंय." बाया म्हणायच्या, हिला गर्व चढलाय. बिचारी खरं सांगणार तरी कुणाला?

तिला एकच लेक होती, हिरी. एका वर्षी भातलावणीला सगळी धडधाकट माणसं खाली निघाली, आणि नेमकं त्या सकाळी हिरीचं अंग तापलं. शेजारच्या सोमाने जाता जाता विचारलं, "वहिनी, पोरीला वैद्याकडं न्यायला जमंल ना?"

"जमंल की," ठकूबाई म्हणाली. "तुमी व्हा म्होरं."

दुपारी पोरीचा श्वास घरघरू लागला. ठकूबाईने तिला पाठीशी बांधलं आणि ती कड्यावर आली. पहिल्या पायरीवर तिने पाय टेकवला, आणि तो तिथेच ताठला. मागे घेतला, पुन्हा टेकवला, पुन्हा ताठला. तिने खाली हाका मारल्या, पण पावसात त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत. हिरी म्हणाली, "आये, चल ना." आये काही हलेना. दिवस कलला, माणसं वर चढून आली, तेव्हा ठकूबाई एक पाय शिडीवर ठेवून बसलेली होती. पाठीवरची पोर थंड झाली होती.

असं म्हणतात, ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मला भ्या वाटत हुतं."

वाडीने शिडीकडे पाहिलं. एकही गाठ सुटली नव्हती.

हिरीला माती दिली आणि दुसऱ्या दिवशी ठकूबाई शिडी उतरली. आता उतरून काय उपयोग होता? पण उतरली. तिच्या कापऱ्याने अख्खी शिडी हलत होती, असं म्हणतात. तिची भीती गेली नव्हती. ती शेवटपर्यंत गेली नाही. पण पुढे ज्याला ज्याला भ्या वाटे, त्याच्या आधी ठकूबाई शिडीवर उतरे, वर हात करून त्याची टाच आपल्या तळहातावर घेई आणि म्हणे, "पाय दे, बाळा." पोटुशा बाया, म्हातारे, पोरंसोरं, सगळ्यांना तिने असं उतरवलं. तिच्या टाचेखाली मात्र कधी कुणाचा हात नव्हता.

एका पावसाळ्यात ती शिडीवर गेली ती परत आलीच नाही. खाली शोधलं, पडल्याची खूण नव्हती. असं म्हणतात, नवी बांधायला ती जुनी शिडी उकलली तेव्हा सगळे बांबू कुजलेले निघाले, पण एक पायरी हिरवीगार होती, आणि हाताला ऊबदार लागत होती.

आता रस्ता झाला, एसटी येते. तरी आम्ही दरवर्षी शिडी बांधतो आणि ती पायरी तिच्यात घालतो. उतरणारा आधी मोठ्याने म्हणतो, "मला भ्या वाटतंय," आणि मगच पाय टाकतो. लावणीला निघताना दारोदार विचारतो, "कुणाला भ्या वाटतंय का?"

आणि शेवटी सगळे खाली जमलो, की वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई रिकाम्या शिडीखाली उभी राहते. वर तळहात धरते आणि हाक मारते, "ठकूबाई, पाय दे गं माझे बाय."

वारा नसतो, तरी शिडी कापायला लागते. आम्ही सगळे वर बघत उभे राहतो. हात भरून येईस्तोवर म्हातारी तो तसाच धरून ठेवते. पाय काही येत नाही.