शंखद्वीपाची मोडलेली प्रदक्षिणा

पूर्वी भरुकच्छात सुयाम नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका सुताराच्या घरी जन्मला. त्याचे नाव सुतन. वडिलांनी त्याला गुरुगृही धाडले. तिथे पाठापेक्षा गोठाच जास्त वाट्याला येतो हे पाहून तो विद्या अर्धी टाकून परत आला. गुरूला कुणी काही विचारले नाही. सुतनला मात्र सगळे नगर 'अर्धवट' म्हणू लागले.

नगरासमोरच्या समुद्रात शंखद्वीप होते. पाऊस सरला की लोक टोळीने तिथे जात आणि काठाकाठाने सबंध बेटाची पायी प्रदक्षिणा करीत. नियम असा, की एका जागी दोन रात्री झोपायचे नाही. टोळीतला एक जरी दुसऱ्या रात्री तिथेच झोपला तरी सगळ्यांची प्रदक्षिणा मोडे आणि परतल्यावर धक्क्यावर शंख फुंकून त्याचे नाव पुकारले जाई. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे तो बदलावा असे कुणाच्या मनात येत नसे.

त्या वर्षी मेंडक नावाच्या वृद्ध व्यापाऱ्याच्या टोळीत सुतन निघाला. मेंडकाने अनेक प्रदक्षिणा केल्या होत्या आणि प्रत्येक चढावर तो त्यांपैकी एखादी सांगत असे. बाकीचे म्हातारे माना डोलवीत. अर्धे बेट झाल्यावर पाणथळीच्या वाटेत हिवतापाने दोघांना गाठले, सुतनला आणि मेंडकाला. सुतनने सांगून टाकले. मेंडकाने उपरणे अंगभर लपेटले आणि वारा फार आहे म्हणाला.

संध्याकाळी ते पुन्ना नावाच्या कोळणीच्या झोपडीपाशी उतरले. सकाळी मेंडक उठला, दोन पावले चालला आणि झाड धरून उभा राहिला.

"काय झालं, आजोबा?" सुतनने विचारले.

"झाड बघतोय. चला, उन्हं चढतील."

त्याचे ओठ काळे पडले होते. पुढे उघडा कडा होता आणि दिवसभर पाणी नव्हते. सुतनला कळले, की हा माणूस कड्यावर मरेल, पण टेकतो असे म्हणणार नाही. त्याचा स्वतःचा ताप रात्रीत बराच उतरला होता. रेटले असते तर तो चालला असता. त्याने वळकटी सोडली, चटई पसरली आणि आडवा झाला.

"माझ्या अंगात ताप आहे. मी आज चालणार नाही," तो म्हणाला.

"गुरूकडंही असाच आडवा झाला होतास ना?" एक म्हातारा म्हणाला. "आमच्या वेळी तापात शिडं ओढायचो आम्ही."

"ओढली असतील, काका. मी झोपतो."

मेंडकाने त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. मग म्हणाला, "पोराला एकट्याला टाकून कसं जायचं? माझ्यावर जबाबदारी आहे." एवढे बोलून तो शेजारच्या चटईवर बसला. बसला तो कलंडला, आणि तिन्हीसांजेपर्यंत त्याने डोळा उघडला नाही.

पुढचे दिवस सुखाचे गेले. पुन्ना कडू काढा देई, मग मिठाची पेज देई. झावळ्यांतून ऊन गळे. भरतीचे पाणी अंगणाशी येऊन परत जाई. सुतन झोपे, उठे, मेंडकाच्या कपाळावरची पट्टी बदले, पुन्हा झोपे. आपण कुठेही पोहोचायचे नाही, हे त्याला फार बरे वाटले. म्हातारे आधी कुरकुरले, मग त्यांनीही पाय शेकायला घेतले. त्यांचेही पाय फुटलेले होते.

मेंडकाने पेज मागून घेतली त्या दिवशी पुन्ना जाळे सांधता सांधता सुतनला म्हणाली, "ताप म्हाताऱ्याला जास्त होता. तू कशाला आधी पडलास?"

"मी पडलो नसतो तर ते पडले नसते, मावशी."

"आणि नाव तुझं पुकारतील."

"माझं आधीच खराब आहे. त्यांचं पहिल्यांदाच झालं असतं, त्यांना झेपलं नसतं."

पुन्ना हसली आणि तिने त्याच्या करवंटीत आणखी पेज वाढली.

टोळी धक्क्यावर परतली. शंख फुंकायला उभ्या असलेल्या पुजाऱ्याने विचारले, "कुणामुळे मोडली?" मेंडक आता खणखणीत बरा होता. त्याने सुतनकडे बोट दाखवले. शंख वाजला, नाव पुकारले गेले. सुतनने मान लववली आणि भूक लागली होती म्हणून घरी गेला.

अंगात ताप असताना भिक्षेला निघालेल्या एका वृद्ध स्थविर भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "त्या वेळची पुन्ना म्हणजे आज विहारात रुग्णांना पेज देणारी उपासिका. सुतन मीच होतो. आणि भिक्खू, मेंडक तुम्ही होता."

"तो पोरगा आळशीच होता," स्थविर म्हणाले, आणि भिक्षापात्र खाली ठेवून चटईवर आडवे झाले.

शास्त्यांनी त्यांच्या अंगावर चीवर घातले. ही क्षांती पारमितेची, म्हणजे सहनशीलतेच्या परिपूर्णतेची, कथा आहे.