पांढऱ्या थैलीची गाठ

फार पूर्वी गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका रंगाऱ्याच्या घरी जन्मला होता. बाप लवकर गेला. आई पिंगला हिने रंगाच्या रांजणांत हात घालून पोराला वाढवलं. कोपरापर्यंत निळे झालेले ते हात ती कधी पदराखाली झाकत नसे. झाकायचं काय त्यात?

पोराने घर हाती घेतलं आणि एक रीत घातली. उरल्यासुरल्या कापडाच्या थैल्या शिवून त्याने भिंतीवरच्या खुंट्यांना टांगल्या. हळदी थैली दाण्यागोट्याची, तिची गाठ बायको उत्पलेकडे. निळी धंद्याच्या मालाची, ती त्याच्याकडे. तांबडी दारी येणाऱ्या पाहुण्याची, ती सगळ्यांची. आणि न रंगवलेली पांढरी पिंगलेची. बाजाराच्या दिवशी मिळालेली नाणी घरात आली की आधी थैल्यांत पडत. थैली रिकामी झाली की तो खर्च पुढच्या बाजारापर्यंत बंद. आणि एकाची गाठ दुसऱ्याने सोडायची नाही.

"साऱ्या गल्लीत वांगी शिजताहेत आणि आपण नुसतं कढण ओरपतोय," उत्पला कुरकुरायची.

"हळदी थैली बांगड्यांवर कुणी उधळली? मी?" पिंगला म्हणायची. "ओरप मुकाट्याने."

पांढऱ्या थैलीत पिंगलेच्या सरणाचे पैसे होते. "जन्मभर कुणाचं उसनं घेतलं नाही, ते जाताना घेऊ? आंब्याची सुकी लाकडं आणि वर चंदनाचं एक ढलपं. माझ्या पैशांनी," असं ती पाणवठ्यावर सगळ्यांना ऐकवायची. खास करून सोमेला.

सोमा ही शेजारच्या दामक रंगाऱ्याची आई. तिच्या ओल्या लाल कापडाचे थेंब एकदा पिंगलेच्या पांढऱ्या सुतावर पडले होते. तेव्हापासून दोघी मैत्रिणी एकमेकींशी बोलत नसत. मधल्या भिंतीला बोलून दाखवत.

एके वर्षी राजपुत्र लढाईवर गेला आणि त्याच्या विजयासाठी निळ्या पताका रंगवण्याचं काम निघालं. ज्याच्या घरी नीळ भरलेली असेल त्याला काम मिळणार होतं. निळीचा व्यापारी दारात आला. रोख द्या नि माल उतरवून घ्या, म्हणाला. निळी थैली पुरेना.

पिंगला अंगणात वाळत टाकलेल्या कापडांमागे कापूस पिंजत बसली होती. ती तिथे आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"अहो, पांढरी सोडा ना," उत्पलेचा आवाज आला. "दुप्पट होऊन येतील. सासूबाई काय उद्याच जाताहेत?"

पिंगलेचा हात थांबला. आता पोर काय करतो?

"ती गाठ आईची आहे," बोधिसत्त्व म्हणाला.

"मग विचारा त्यांना. नाही थोडंच म्हणतील?"

"नाही म्हणणार नाही, म्हणूनच विचारत नाही. जिला नाही म्हणता येत नाही, तिला विचारणं म्हणजे काढून घेणंच."

व्यापारी भिंतीपलीकडे गेला. दामकाच्या घरी सगळा पैसा एकाच पेटीत असे. धान्याचा, धंद्याचा, औषधाचा. त्याने पेटीच उलटी केली. पिंगला मात्र कापडांमागे ताठ बसून राहिली. असा पोर साऱ्या नगरात कुणाच्या पोटी आला होता, सांगा!

राजपुत्र हरून आला. हरलेल्यासाठी पताका कोण उभारतो? दामकाच्या अंगणात नीळ पडून राहिली आणि त्याच दिवसांत सोमा तापाने गेली. घरात लाकडांपुरतंही नाणं नव्हतं. दामक दारात बसून होता आणि गल्लीतले लोक त्याच्याकडे न पाहता जात होते.

पिंगला उठली. खुंटीवरची पांढरी थैली तिने काढली.

"आई, ती तुझी आहे," बोधिसत्त्व म्हणाला.

"माझी आहे म्हणूनच सोडतेय. तू हात घातला असतास तर आज माझ्याजवळ द्यायला काय उरलं असतं?"

गाठ घट्ट बसली होती; तिने दातांनी सोडली. पलीकडे जाऊन तिने नाणी दामकाच्या ओंजळीत ओतली.

"काकू, हे तुमचं... मी कधी फेडू?"

"फेडू नकोस. आंब्याचीच लाकडं आण, ओली उचलशील तर याद राख. चंदनही आण. आणि आईच्या कानात सांग, पिंगलेच्या लाकडांवर चाललीस म्हणावं. वर गेल्यावर सगळ्यांना सांगेल. तिच्या तोंडात काही राहत नसे."

एवढं बोलून ती मृत मैत्रिणीच्या पायाशी बसली आणि मोठ्याने रडली.

पुढच्या बाजारी बोधिसत्त्वाने कमाईतलं पहिलं नाणं रिकाम्या पांढऱ्या थैलीत टाकलं. उत्पलेने बांगड्या विकून दुसरं टाकलं. पिंगलेने थैली पुन्हा खुंटीला अडकवली, गाठ मारली आणि म्हणाली, "भरू दे सावकाश. मला घाई नाही."

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, जिने आज आपलं नवं चीवर भांडखोर सोबतिणीच्या अंगावर पांघरलं, ती आपली वृद्ध भिक्षुणी तेव्हा पिंगला होती. जिच्या अंगावर ते पांघरलं, ती तेव्हा सोमा होती. दामक म्हणजे आज विहाराच्या भांडारातल्या वस्तूंची सरमिसळ करणारा तो तरुण भिक्षू. आणि तो रंगारी मीच होतो. न दिलेलं न घेणं, हे त्याचं शील. त्या शीलाने राखलेल्या थैलीतूनच आईचं दान बाहेर आलं."