फुटलेल्या दिव्याचा गुन्हा

उलट्या बाजूने भरधाव मोटार आणून रंगराव चेअरमननी तुळशीराम कुंभाराच्या सायकलीला धडक दिली. तुळशीरामचा पाय मोडला. त्याची बायको काशी तीन दिवस पोलीस चौकीत येऊन उभी राहत होती. फौजदार रोज एकच सांगत, "बाई, हा अपघात आहे. यात गुन्हा कुठला?"

चौथ्या दिवशी रंगराव चौकीत चहा पीत बसले होते. काशी हात जोडून म्हणाली, "साहेब, आज मीच गुन्हा कबूल करायला आले. आमच्या सायकलीनं चेअरमनसाहेबांच्या मोटारीचा दिवा फुटला."

"नवाकोरा दिवा होता!" रंगराव उसळले. "लिहा फौजदार, हा गुन्हाच आहे."

फौजदारांनी पेन उचललं.

"जरूर लिहा," काशी शांतपणे म्हणाली. "पण त्याच धडकेत माझ्या माणसाचा पाय मोडला. दिवा फुटला तो गुन्हा, तर पाय मोडला तो नुसता अपघात कसा?"

रंगरावांचा चहा बशीत सांडला. फौजदारांनी कोरा कागद पुढे ओढला. मग त्यांनी चार दिवसांत पहिल्यांदाच तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

"बसा ताई. काय झालं ते पहिल्यापासून सांगा."