पोकळ बेहडा

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. नेमकी किती जुनी, ते झाडांनाच ठाऊक.

एका राजाच्या रानात एक बाई राहायची. दोर टाकून उंच झाडांवर चढायची आणि शेंड्यात कोण राहतं, काय खातं, ते दिवसदिवस बघत बसायची. दर झाडाची एक सुतळी तिच्याकडे होती. वर काही नवं दिसलं की त्या सुतळीला गाठ.

लोक हसायचे. "बाई, जमिनीवर काय कमी आहे गं बघायला?"

ती म्हणायची, "तिथलं बघायला तुम्ही आहात की."

असं करता करता तिचे केस पिकले.

तिथल्या लाकूडतोड्यांची एक रीत होती. कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंधा ठोकायचा. पोकळ वाजला की झाड निकामी. एका वर्षी राजानं हुकूम काढला, निकामी झाडं तोडा, तिथं साग लावा. पहिली पाळी आली सगळ्यात जुन्या बेहड्याची.

बाई बुंध्याला पाठ लावून बसली. उठेना. शेवटी राजा स्वतः आला.

"म्हातारे, हे झाड आतून गेलंय."

"खालून तसंच वाजतं, महाराज. एकदा वरून बघा. मग तोडा, मी आडवी येणार नाही."

राजाला झोळीत बसवून आठ जणांनी दोर ओढला. बाई आपल्या दोरानं शेजारून चढली. खाली लाकूडतोड्यांचा मुकादम घाम पुसत पुटपुटला, "महाराजांनी आज न्याहारी जरा कमी केली असती तर बरं झालं असतं."

"ऐकू येतंय मला," वरून आवाज आला.

वर खोडात एक ढोली होती. तोंड मातीनं लिंपलेलं, बोटभर फट तेवढी उघडी. एक धनेश पक्षी आला आणि त्यानं फटीतून एकेक फळ आत दिलं. आतून मादीची चोच आली, तिच्यामागून पिल्लाची.

"पिल्लू मोठं होईस्तोवर ती स्वतःला आत कोंडून घेते," बाई म्हणाली. "झाड पोकळ नसेल तर तिला घर नाही. ही बघा सुतळी. या घरट्याच्या एकतीस गाठी, वर्षाला एक. आता जरा खाली बघा."

राजानं पाहिलं. धनेशानं खाऊन टाकलेल्या बियांची कोवळी झाडं पार टेकडीपर्यंत पसरली होती.

"तुम्ही रान लावायला माणसं धाडणार. हा तर कधीचा लावतोय."

राजानं दोर सैल सोडायची खूण केली. खाली उतरल्यावर मुकादमाला म्हणाला, "यापुढे नुसतं ठोकून झाड तोडायचं नाही. आधी वर चढून बघायचं."

मुकादम शेंड्याकडे बघत राहिला. "मी, महाराज?"

"तूच. आणि न्याहारी कमी करून."

त्या रानातले लाकूडतोडे तेव्हापासून कुऱ्हाडीआधी दोर उचलू लागले. बहुतेक वेळा कुऱ्हाड न उचलताच घरी परतायचे. बाई गेली, राजाही गेला. बेहडा उभा राहिला, आणि दरसाल त्याची ढोली लिंपली जात राहिली.

म्हणून सांगतो, जे आपण जवळ जाऊन पाहिलं नाही, त्याला निकामी म्हणू नये.