शास्त्रीबुवांची जागा

“मग संन्यास द्यायला अडचण काय आहे, महाराज?” नरहरशास्त्र्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

कोंडाजीबाबा सुपारी कातरत होते. बाबांना अक्षराची ओळख नव्हती, आणि शास्त्रीबुवांना सगळं तोंडपाठ. पण अडला हरी म्हणतात, तशी गत झाली होती.

“बाईंना कुणी बघायचं?”

“तिच्या लेखी मी उरलोच नाही...”

जानकीबाईंना अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झाले होते. डावा हात लुळा पडला, पण त्या उठून बसत, बोलत. दिवसभर ‘अहो, कुठं आहात?’ म्हणून हाका मारत. शास्त्रीबुवा शेजारून ‘इथंच आहे’ म्हणाले, की त्या भलतीकडेच, दाराकडे बघत आणि त्यांचे डोळे भरून येत. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि आता एक नजर मिळेना. त्या एका नजरेसाठी शास्त्रीबुवा झुरत होते.

बाबांनी अडकित्ता मिटला. “आज तुमच्याकडं जेवतो.”

सुनेनं पानं वाढली. पूजेला बसावं तसे शास्त्रीबुवा बायकोच्या डाव्या हाताला बसले. तीन महिने ते तिथंच बसत होते. पतीची जागा सोडली नाही, याचा त्यांना अभिमान होता.

जानकीबाईंनी भाजी संपवली, आमटी संपवली. मग हिरमुसून सुनेला म्हणाल्या, “आज चटणी केली नाहीस का गं?”

चटणी ताटातच होती, डाव्या बाजूला. लिंबू, कोशिंबीर, तिकडचा भात, सगळं तसंच पडलं होतं.

बाबांनी पुढं वाकून ताट अर्धं फिरवलं.

“अगंबाई, आहे की,” म्हणत जानकीबाईंनी चटणीला बोट लावलं.

शास्त्रीबुवांचा घास हातातच राहिला.

“उठा. पलीकडं बसा,” बाबा म्हणाले.

“महाराज, पत्नीनं पतीच्या उजवीकडं असावं... शास्त्र आहे.”

बाबा जेवत राहिले.

बऱ्याच वेळानं शास्त्रीबुवा उठले. वळसा घालून बायकोच्या उजव्या हाताला येऊन टेकले.

जानकीबाईंचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं... बघतच राहिल्या. मग उष्ट्या हातानंच त्यांचं उपरणं घट्ट धरलं.

“अहो, कुठं होता इतके दिवस?”

शास्त्रीबुवांनी बाबांकडं बघितलं.

“सांगा की,” बाबा म्हणाले, “आपल्या जागेवर बसलो होतो म्हणून.”